चांगला प्लेअर ऐकू येत नाही

नाशिकच्या एम. जी. रोडवर एखाद्या दुकानात म्युझिक प्लेअर बघायला गेलात, तर तो दाखवण्याची पद्धत ठरलेली असते. दुकानदार भरपूर बेस असलेले गाणे लावतो, आवाज निम्म्याच्या वर नेतो, इअरफोन पुढे करतो आणि म्हणतो, ‘बघा साहेब, काय क्लॅरिटी आहे!’ मग शेजारचा महागडा प्लेअर त्याहून किंचित मोठ्या आवाजात ऐकवतो. गिऱ्हाईक मान डोलावते आणि व्यवहार होतो. या दोन मिनिटांत गाण्याची परीक्षा झाली, इअरफोनची झाली, आवाजाच्या पातळीची झाली. प्लेअरची परीक्षा मात्र राहूनच गेली.

ती करायची कशी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. खिशात मावणारे संगीत १९७९ साली सोनीच्या वॉकमनने आणले, पण ते कॅसेटवर होते. डिजिटल प्लेअर १९९८ मध्ये आले. कोरियाचा एमपीमॅन आणि अमेरिकेतला रिओ हे त्यांतले पहिले. रिओची स्मृती होती ३२ मेगाबाइट, म्हणजे बऱ्यापैकी दर्जाची जेमतेम अर्धा तास गाणी. २००१ मध्ये अ‍ॅपलचा ५ गिगाबाइटचा आयपॉड आला आणि हजार गाणी खिशात मावू लागली. आपल्याकडे पुढे मोबाईलच्या दुकानांत ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या लागल्या. २०१७ मध्ये जुन्या रेडिओच्या तोंडवळ्याचा, आधीच गाणी भरलेला ‘कारवाँ’ आला आणि त्याची मराठी आवृत्तीही घराघरांत पोचली. २०२२ मध्ये शेवटचा आयपॉड बंद झाला, तरी निव्वळ संगीतासाठी घडवलेले प्लेअर संपले नाहीत. आज ते काही हजारांपासून लाखाच्या वर मिळतात आणि खोक्यावर ‘३२ बिट’, ‘३८४ किलोहर्ट्झ’, ‘हाय-रेस’ असे शिक्के मिरवतात. या आकड्यांवरून आवाज जोखायला गेलो, तर फसगत ठरलेली.

प्लेअरने करायचे काय?

आवाजाला गोडवा देणे हे गायकाचे काम, वादकाचे आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे काम. प्लेअरकडे निरोप पोचवण्याची नोकरी आहे. पोस्टमनने पत्र पोचवावे, त्यात स्वतःची दोन वाक्ये घालू नयेत. म्हणून ‘हा प्लेअर किती गोड वाजतो?’ हा प्रश्नच जरा तिरका आहे. ‘हा प्लेअर मूळ गाण्यात काय मिसळतो आणि त्यातले काय गाळतो?’ असे विचारले की परीक्षा सोपी होते, कारण आता गुण शोधायचे नसून दोष शोधायचे असतात.

निरोपाचा प्रवास चार टप्प्यांचा आहे. आधी फाइल उलगडून आकडे बाहेर काढायचे. मग ते आकडे विजेच्या हेलकाव्यांत बदलायचे. हे काम करणाऱ्या चिपला ‘डॅक’ म्हणतात. ती क्षीण वीज अ‍ॅम्प्लिफायरने वाढवायची. शेवटी इअरफोनने तिची हवेतली कंपने करायची. पहिले तीन टप्पे प्लेअरच्या पोटात आहेत, चौथा बाहेर. आणि सगळ्यांच्या आधीचा टप्पा म्हणजे खुद्द ध्वनिमुद्रण. आवाजात जो फरक आपल्याला जाणवतो, तो बहुतेक वेळा या साखळीच्या दोन टोकांना असतो. बिल मात्र मधल्या कडीवर फाडले जाते.

आधी फाइल तपासा

सीडीवर प्रत्येक सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापे असतात. प्रत्येक मोजमाप १६ बिटचे आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात, म्हणजे १,४११ केबीपीएस. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्री फाइलमध्ये त्यातला अकरावा हिस्सा उरतो. तरीही गाणे ओळखू येते, आवडतेही, कारण बिट गाळताना कानाच्या एका सवयीचा फायदा घेतलेला असतो. मोठा आवाज चालू असताना त्याच्या आसपासच्या पट्टीतला बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या झाकोळण्याचा हिशेब मांडून एमपीथ्री घडवले. त्याची पारख करायला त्यांनी सुझॅन वेगा या गायिकेचे वाद्यांशिवाय गायलेले गाणे पुन्हा पुन्हा वापरले. उघड्या मानवी आवाजातली खोट लपत नाही, हे त्यामागचे कारण.

तरी एमपीथ्री कुठे अडखळते, हे ऐकायचे असेल तर चिपळ्या लावाव्यात. एमपीथ्री आवाजाचे तुकडे पाडून एकेक तुकडा आवळते. सीडीच्या दर्जाच्या आवाजात अशी एक चौकट ११५२ मोजमापांची, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांची असते. चिपळीचा टणत्कार त्या तुकड्याच्या शेवटाला आला, तर आवळताना झालेली चूक तुकडाभर पसरते आणि आघाताच्या आधीच एक पुसट ‘फस्’ ऐकू येते. आघात दिसला की तुकडे लहान करायची सोय एमपीथ्रीत आहे, पण बिट मोजके असले की तीही अपुरी पडते. मग चिपळीची धार जाते, टाळ पसरट होतो आणि वीसेक टाळांचा गजर असेल तर त्याचा नुसता सळसळाट उरतो. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९८८ मध्ये काढलेल्या चाचणीच्या सीडीत याच कामासाठी कॅस्टनेट, म्हणजे स्पेनमधल्या चिपळ्याच, घेतल्या होत्या. आपल्याला तितके लांब जायचे कारण नाही. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेत म्हटल्या जाणाऱ्या भजनाचे एखादे नीट केलेले ध्वनिमुद्रण एकदा १२८ वर आणि एकदा मूळ दर्जात ऐकले की फरक समजतो. ३२० केबीपीएसवर मात्र हाच फरक न बघता सांगणे बहुतेकांना जमत नाही.

बाजारात आणखी एक गोम आहे. १२८ ची फाइल कुणीतरी पुन्हा ‘फ्लॅक’ या न गाळणाऱ्या प्रकारात बदलते. फाइल फुगते, नाव भारदस्त होते, गेलेले परत येत नाही. हे पकडायला कान लागत नाहीत. ‘ऑडॅसिटी’सारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून तिचा स्पेक्ट्रोग्रॅम पाहावा. नव्या, चांगल्या ध्वनिमुद्रणाच्या चित्रात सोळा हजार हर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ दिसली आणि वर नुसता काळोख असला, की ती फाइल कधीतरी १२८ ची होती असा दाट संशय घ्यावा. अशा फाइलवर लाखाच्या प्लेअरची परीक्षा घेणे व्यर्थ आहे.

मोठ्या आकड्यांनी काय मिळते?

नमुन्यांच्या सिद्धांतानुसार सेकंदाला ४४,१०० मोजमापे घेतली की २२,०५० हर्ट्झपर्यंतचा आवाज पुरतेपणी परत उभा करता येतो. माणसाचा कान तरुणपणी वीस हजारांपर्यंत ऐकतो. पन्नाशीत बारा-चौदा हजारांच्या वरचे बहुतेकांना ऐकू येत नाही. १६ बिटमुळे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर सामावते. घरातल्या शांत खोलीत एवढे अंतर वापरायला मिळणेही कठीण.

मग २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ कशाला? ध्वनिमुद्रण आणि मिश्रण करताना जास्तीची जागा हाताशी असावी म्हणून. ऐकताना त्याचा उपयोग होतो का, याची २००७ मध्ये अमेरिकेत ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरन यांनी चाचणी घेतली. उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण एकदा थेट आणि एकदा सीडीच्या दर्जातून गाळून ऐकवले. ५५४ वेळा विचारल्यावर ऐकणाऱ्यांची उत्तरे जवळजवळ निम्म्या वेळा बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून उत्तर दिल्यासारखी. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा अनेक चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले आणि कान तयार केलेल्या ऐकणाऱ्यांत ते जरा वाढले. फरक असलाच तर इतका बारीक आहे. खोक्यावरचा ‘३८४’ हा आकडा खोटा नसतो, फक्त तो आपल्या उपयोगाचा नसतो.

नाशिककरांना जवळचे उदाहरण द्यायचे तर डी. व्ही. पलुस्करांचे. वडील विष्णू दिगंबर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि उत्तरायुष्यात ते नाशिकला येऊन राहिले. १९२१ साली नाशिकला जन्मलेले डी. व्ही. १९५५ मध्ये, अवघ्या ३४ व्या वर्षी गेले. त्यांचे बरेचसे ध्वनिमुद्रित गाणे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरचे आहे. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांत अख्खा राग, तोही एकाच वाहिनीवर, म्हणजे मोनो. अशा तबकडीत आठ-दहा हजार हर्ट्झच्या पलीकडे गाणे थोडे आणि खरखर जास्त. तिचे १९२ किलोहर्ट्झवर रूपांतर केले म्हणून त्यात नसलेला सूर उमटणार नाही. फरक पडतो तो तबकडी कोणत्या अवस्थेतली होती, सुई कशी होती आणि नंतर खरखर किती हौसेने पुसली यावर. खरखर अति पुसली की तिच्याबरोबर तानपुराही जातो, श्वासही जातो आणि उरलेला आवाज कापसात गुंडाळल्यासारखा वाटतो. एकाच तबकडीच्या दोन प्रती ऐकल्या तर दोन प्लेअरमधल्या फरकापेक्षा हा फरक कितीतरी मोठा निघतो.

प्लेअर खरोखर कुठे चुकतो?

आजचे डॅक इतके स्वस्त आणि अचूक झाले आहेत की या टप्प्यावर मोठी चूक सहसा होत नाही. यूएसबी-सीच्या भोकातून इअरफोनची पिन जोडण्यासाठी अ‍ॅपल जो बोटभर अडॅप्टर विकते, त्याची अमेरिकेतली किंमत ९ डॉलर आहे आणि मोजमापांत तो अनेक महागड्या यंत्रांच्या शेजारी बसतो. खरे दोष बहुधा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये सापडतात.

पहिला दोष म्हणजे पार्श्वभूमीचा ‘सूंऽ’ आवाज. कानात घट्ट बसणारे संवेदनशील इअरफोन लावले की तो जास्त जाणवतो. तपासायला गाणे थांबवून ऐकू नये, कारण काही प्लेअर थांबवल्यावर बाहेरची वाटच बंद करतात. पूर्ण शांततेची एक फाइल बनवून ती ‘वाजवावी’ आणि रात्री, पंखा बंद करून ऐकावी.

दुसरा दोष ताकदीचा. ३२ ओहमचा इअरफोन एका मिलिवॅटला १०० डेसिबल देत असेल, तर तेवढ्या कानठळ्यांसाठी ०.१८ व्होल्टही पुरतात. अशा इअरफोनला कुठलाही प्लेअर चालतो. ३०० ओहमच्या मोठ्या हेडफोनला मात्र जास्त व्होल्ट लागतात. तिथे दुबळा प्लेअर आवाज शेवटच्या टोकाला नेऊनही पोचत नाही किंवा मोठ्या तानेला फाटतो.

तिसरा दोष फारसा कुणी सांगत नाही, पण कान ज्याला ‘या प्लेअरचा स्वभाव’ म्हणतो तो बऱ्याचदा हाच असतो. प्रत्येक प्लेअरच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर स्वतःचा थोडा विद्युतरोध असतो. इअरफोनचा रोधही सगळ्या स्वरांना सारखा नसतो. समजा, एखादा इअरफोन एका पट्टीत ८ ओहम आणि दुसरीत ३२ ओहम रोध दाखवतो आणि प्लेअरचा रोध १० ओहम आहे. पहिल्या पट्टीत इअरफोनच्या वाट्याला १८ पैकी ८ भाग वीज येते, दुसरीत ४२ पैकी ३२ भाग. डेसिबलमध्ये हा फरक ४.७ इतका भरतो, म्हणजे कुणीतरी गुपचूप ट्रेबलचे किंवा बेसचे बटण फिरवल्यासारखाच. तोच प्लेअरचा रोध १ ओहम असला तर फरक पाऊण डेसिबलवर येतो. म्हणून इअरफोनच्या रोधाच्या आठव्या हिश्शापेक्षा प्लेअरचा रोध कमी असावा असा ठोकताळा आहे. माहितीपत्रकात शोधायचा आकडा हा. तो दिलेलाच नसेल, तर तेही लक्षात ठेवावे.

चौथा दोष दोन फाइलींमधल्या फटीचा. मैफलीचे ध्वनिमुद्रण विलंबित आणि द्रुत असे तुकडे करून दिलेले असते. सम जवळ आली आणि नेमकी अर्ध्या सेकंदाची शांतता पडली, तर बाकी सगळे आकडे फोल. एमपीथ्री बनवताना फाइलीच्या दोन्ही टोकांना थोडी रिकामी जागा चिकटते. ती गाळून सलग वाजवायची अक्कल प्लेअरच्या सॉफ्टवेअरमध्ये असावी लागते. हे दुकानात उभ्या उभ्या तपासता येते. त्याच वेळी सेटिंगमध्ये जाऊन ‘बेस बूस्ट’, ‘थ्रीडी’ वगैरे बंद आहे ना, तेही पाहावे. दोन प्लेअरमधला पुष्कळसा फरक या एका खटक्याने नाहीसा होतो.

ब्लूटूथचे इअरबड वापरणाऱ्यांसाठी हिशेब आणखी सोपा. तिथे आकड्यांची वीज करणारा डॅक आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही इअरबडच्या आत असतात. प्लेअरच्या महागड्या चिपपर्यंत गाणे पोचतच नाही. सोनीच्या एलडॅक या पद्धतीतही सेकंदाला जास्तीत जास्त ९९० किलोबिट जातात, म्हणजे सीडीपेक्षा कमीच.

कानाला कसे फसू द्यायचे नाही?

दुकानातल्या त्या दोन मिनिटांकडे परत बघू. दुसरा प्लेअर किंचित मोठ्याने वाजत होता, एवढ्यावर तो चांगला ठरला. कारण कानाचा बेसला आणि ट्रेबलला मिळणारा प्रतिसाद आवाजाच्या पातळीबरोबर बदलतो. बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे आलेखांत मांडले. हळू आवाजात बेस आधी हरवतो, आवाज वाढवला की तो भरून येतो आणि गाणे ‘भरदार’ वाटते. फरक एखाद्या डेसिबलचा असला तर कान त्याला ‘मोठा’ म्हणत नाही, ‘मोकळा’ किंवा ‘स्पष्ट’ म्हणतो. म्हणून पातळी जुळवल्याशिवाय तुलना करूच नये.

ती जुळवायला इलेक्ट्रिशियनकडचा साधा मल्टिमीटर पुरतो. १०० हर्ट्झच्या एकसुरी स्वराची फाइल दोन्ही प्लेअरवर वाजवावी. स्वस्त मीटर घरच्या विजेच्या आसपासच्या कंपनांना ठीक मोजतात, म्हणून १०० हर्ट्झ. इअरफोन जोडलेला ठेवून पिनवरचे एसी व्होल्टेज पाहावे. एकावर १०० मिलिव्होल्ट असेल तर दुसऱ्यावर ९९ ते १०१ च्या आत आणावे. एक टक्क्याचा फरक म्हणजे डेसिबलचा दहावा हिस्साही नाही, तो कानाला कळत नाही.

आता इअरफोन एकच ठेवावा आणि मदतीला घरातले कुणीतरी घ्यावे. त्याने प्रत्येक वेळी नाणे उडवायचे, छापा पडला तर पहिला प्लेअर, काटा पडला तर दुसरा. ऐकणाऱ्याने पाठ करून बसायचे आणि कोणता ते सांगायचे. गाण्याचा दहा-पंधरा सेकंदांचाच तुकडा घ्यावा, कारण आवाजातले बारकावे काही क्षणच आठवणीत राहतात. ‘मागच्या आठवड्यात मित्राकडे ऐकला होता तो जास्त खुला होता,’ या म्हणण्याला म्हणूनच अर्थ नाही. दहा फेऱ्यांत पाच-सहा बरोबर आले तर तो निव्वळ अंदाज. दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता नुसत्या नशिबाने शंभरात एक आहे, तेव्हा तसे झाले तर फरक खरा मानावा. या खेळात भल्याभल्यांचे ‘जमीन-अस्मानाचे’ फरक विरघळतात. ‘शंभर तास वाजवल्यावर प्लेअर खुलतो’ यासारखे समजही तपासायचे तर असेच. सवय कानाला लागते, चिपला नाही.

काय लावून ऐकायचे?

परीक्षेचे गाणे आपल्याला अंगभर माहीत असलेले हवे, आणि वेगवेगळे दोष दाखवणारी वेगवेगळी ध्वनिमुद्रणे हवीत. आपल्या संगीतात यासाठी लागणारे सगळे साहित्य आहे.

तानपुरा पहिला. जवारी नीट लागलेल्या तानपुऱ्यात एका तारेतून वरच्या स्वरांची झालर उठते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले की साध्या तारेच्या नियमाने जे उपस्वर उमटायला नकोत, तेही तानपुऱ्याच्या रुंद घोडीमुळे उमटतात. ही झालर मंद असते आणि गवयाच्या आवाजामागे सतत चालू राहते. आवळलेल्या फाइलीत ती सर्वांत आधी विस्कटते, आणि सूंऽ करणाऱ्या प्लेअरवर झाकोळली जाते.

तबल्याच्या जोडीत डग्ग्याची मींड ऐकावी. मनगट घासत नेल्यावर तो घुमारा वर सरकतो. तो सलग सरकला पाहिजे. मध्येच एखादा टप्पा फुगला तर बेसला कुठेतरी उठाव दिलेला आहे. दायाँची ‘ना’ चाट कोरडी आणि टोकदार यावी. चिपळ्या आणि टाळ धार तपासायला. लांब रेंगाळणाऱ्या नादासाठी देवळाची मोठी घंटा. गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळाची, वसईच्या विजयाची आठवण मानली जाणारी घंटा नाशिककरांच्या ओळखीची आहेच. आघातानंतर तशा घंटेचा नाद अनेक स्वरांनी मिळून, वेगवेगळ्या गतीने विझतो. हे विझणे गुळगुळीत हवे, थरथरत तुटता कामा नये.

बेससाठी नाशिक ढोल. पण इथे सावध राहायला हवे. मिरवणुकीत मोबाईलवर टिपलेल्या ढोलाचा आवाज बहुधा मुळातच फाटलेला असतो, कारण पथकापुढे मोबाईलच्या मायक्रोफोनचा टिकाव लागत नाही. तो कुठल्याही प्लेअरवर फाटलेलाच येणार. नीट ध्वनिमुद्रित केलेला ढोलच घ्यावा. तो पोकळ वाटला, तर प्लेअरला दोष देण्याआधी इअरफोनची रबरी टोपी बदलून पाहावी. कानाच्या भोकाशी बारीकशी फट राहिली तरी खालचा बेस निसटून जातो.

आणि पलुस्करांची ती जुनी मोनो तबकडी. उच्च दर्जाच्या दृष्टीने ती कुचकामी असली, तरी एका परीक्षेला तिच्यासारखे साधन नाही. मोनो आवाज दोन्ही कानांत तंतोतंत सारखा असल्याने गायक डोक्याच्या बरोबर मधोमध बसलेला वाटला पाहिजे. तो डावीकडे झुकला, तर इअरफोन उलटे घालावेत. झुकाव उजवीकडे गेला तर दोष प्लेअरचा किंवा इअरफोनचा, डावीकडेच राहिला तर आपल्या कानाचा. पहिल्या बाबतीत तोच इअरफोन दुसऱ्या प्लेअरला लावला की गुन्हेगार सापडतो. दुसऱ्या बाबतीत कानाच्या डॉक्टरांकडे जावे.

आणि ऐकणार कुठे?

नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला रोज ये-जा करणाऱ्यांच्या कानांत इअरफोन असतो. डब्यातला गोंगाट सत्तर डेसिबलच्या घरात धरला, तर त्याखाली लपलेले सगळे बारकावे वाया. कसाऱ्याच्या घाटात बोगदा आला की आणखी वाया. तिथे ९६ काय आणि १२० काय, प्लेअरच्या डेसिबलना विचारतो कोण? अशा प्रवासाला घट्ट बसणारी टोपी किंवा गोंगाट कापणारा इअरफोन जो फायदा देतो, तो कुठलाही प्लेअर देऊ शकत नाही. शिवाय गोंगाटावर मात करायला आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे. दर ३ डेसिबलना आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्म्यावर येते, म्हणजे ८९ डेसिबलला आठवड्याचे ५ तासच उरतात. रोजच्या प्रवासात ते दोन दिवसांतही संपतील.

म्हणून पैसे खर्च करायचा क्रम असा धरावा. पहिला इअरफोन, कारण आवाजातला सर्वांत मोठा फरक तिथे आहे. मग चांगल्या ध्वनिमुद्रणांच्या खऱ्या फाइली. त्यानंतर आपला सध्याचा फोन किंवा प्लेअर वर सांगितलेल्या परीक्षांना बसवावा. सूंऽ ऐकू येत नाही, ताकद कमी पडत नाही, रोध कमी आहे, आवाज मधोमध आहे आणि गाणी सलग वाजतात, एवढ्यावर तो पास. पास झालेला प्लेअर बदलून आवाज सुधारत नाही. बॅटरी जास्त टिकते, बटणे हाताला बरी लागतात, कार्डात गाणी जास्त मावतात, फोनच्या घंटीने मैफल मोडत नाही, ही नवा प्लेअर घ्यायची कारणे मात्र अगदी चोख आहेत. घ्यायचा तर त्यांसाठी घ्यावा, आणि दुकानदाराने ‘क्लॅरिटी बघा’ म्हटले की आधी दोन्हींचा आवाज सारखा करायला सांगावे.